येणे बाकी

इसांचा हिशेब सोपा होता:
हातात पडलं ते आलं.
बाकी सगळं हवामान.

ॲस्टोरियाच्या धक्क्यावर, जिथं कोलंबिया नदी
समुद्राला भिडण्याआधी जरा बिचकते,
तिथं ते मासेमारी बोटींची इंजिनं उघडायचे, मिटायचे.
नोटा बिस्किटांच्या निळ्या डब्यात,
चेक खिडकीत पोलादी पट्टीखाली,
आणि कीर्द-खतावणी मिळून एकच वही,
तेलकट बोटांनी पानं पारदर्शक झालेली.
मागच्या पानावरचं देणं पुढच्या पानावर दिसायचं.

मी पोर्टलंडहून लेखाशास्त्र शिकून आले
ती पहिल्या सुट्टीतच पाजळायला लागले.
"इसा, इंजिन सुरू होतं त्या क्षणी तुमची कमाई झाली.
पैसे कधी का येईनात. याला उपार्जित म्हणतात."
त्यांनी पाना पुसला. दुसराही पुसला.
"इंजिन सुरू झालं म्हणजे इंजिन सुरू झालं.
पैसे आले म्हणजे पैसे आले.
तू दोन वेगळ्या दिवसांना एकच नाव देतेस, काइसा."

लबाडी मात्र त्यांना जमली नाही.
एका एकतीस डिसेंबरला मासळीच्या कारखान्याचा चेक आला.
आई म्हणाली, राहू दे टपालपेटीत,
उद्या काढला की पुढच्या वर्षात जाईल.
हे पावसात सपाता फटफटवत गेले, घेऊन आले.
"पेटी आपली, किल्ली आपली. आलाय तो."
कायदाही नेमकं हेच म्हणतो.
मला ते परीक्षेत आलं होतं, आणि चुकलं होतं.

मग तो नोव्हेंबर.
व्हर्नन टिबेट्सची 'एल्मा' नदीच्या मुखाशी,
वाळूच्या दांड्यावर उलटली. व्हर्ननसकट.
तिचा गिअरबॉक्स इसांनी आदल्याच आठवड्यात बसवला होता.
दोन हजार एकशे चाळीस डॉलर:
समासात, पेन्सिलीनं.

मी म्हटलं, माझ्या पद्धतीत हे आधी जमा धरतात,
मग बुडीत म्हणून वजा टाकतात.
"आणि माझ्या?"
तुमच्यात काहीच नाही, इसा.
जे जमाच नव्हतं ते बुडणार कसं?

बुडीत हा शब्द तोंडातून गेल्यावर मला ऐकू आला.

ते नदीकडे बघत बसले.
गिअरबॉक्स नीट होता का,
हे गावात कुणी त्यांना विचारलं नाही.
न विचारलेलं कुठल्या खाती टाकायचं,
ते दोन्ही पद्धतींत नाही.

दोन वर्षांनी, फेब्रुवारीत, ते गेले.
शेवटचं विवरणपत्र मी भरलं, रोख पद्धतीनं, त्यांच्यासारखं.
समासात एकतीस नावं निघाली.
बिल एकालाही पाठवलेलं नाही.

एप्रिलमध्ये लोर्ना टिबेट्सचं पाकीट आलं.
चाळीस डॉलरचा चेक, बाकी जमेल तसे, असं लिहून.
आणि खाली, वेगळ्या शाईत:
'बोट वर ओढली तेव्हाच तपासनीस म्हणाला होता,
गिअरबॉक्स शाबूत आहे, दोष लाटेचा.
तुमच्या वडिलांना सांगायचं राहूनच गेलं.'

नियम मला पाठ आहे.
माणूस गेल्यावर आलेलं त्याचं येणं
ज्याच्या हातात पडतं त्याचं उत्पन्न,
ज्या वर्षी पडतं त्या वर्षाचं.
चाळीस डॉलरपुरतं ठीक आहे.

मी वही उघडली, चेक पट्टीखाली ठेवला.
तारखेच्या रकान्यात आधी त्या नोव्हेंबरची तारीख लिहिली,
मग खोडून आजची.
पान इतकं तेलकट आहे
की खोडलेली अजून दिसते, पाठच्या बाजूनंसुद्धा.